सगळ्या वाडीचा एकच पत्ता

"तुमचे कनेक्शन खाजगी नाही." लाल त्रिकोण दाखवून ब्राउझरने हे मला सुनावलं ते कशाबद्दल? तर निव्वळ खाजगीपणासाठी पैसे मोजून माळ्यावर बसवलेल्या माझ्याच सर्व्हरबद्दल!

फ्रीडमबॉक्स त्याचं नाव. पोटात डेबियन, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट, खुली प्रणाली. कमांड घोकायला नकोत. ब्राउझरात पान उघडा, बटणं दाबा, फोटो-कॅलेंडर-गप्पा सगळं आपल्या घरात. एबेन मोग्लेन या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१० साली न्यूयॉर्कच्या भाषणात ही कल्पना मांडली. चिमुकली पेटी, भिंतीतल्या प्लगला लावली की झालं. त्यांच्या भिंतीतल्या प्लगला मृगाच्या पहिल्या सरीनंतरही वीज असावी. मालवणात आधी इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

त्या लाल पानासमोर मी बसलेलो असताना शेजारचे आबा आले. आबा निवृत्त पोस्टमन. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"ह्या काय रे लाल लाल?"

"सर्टिफिकेट नाय, आबा. म्हणजे पेटयेचा ओळखपत्र. पेटयेन स्वतःच स्वतःक लिवन दिल्यान, ता ब्राउझर मानणा नाय."

"मग खरा सर्टिफिकेट काढ."

"फुकट मिळता, नव्वद दिवसांचा. पण त्येका भायरसून पेटी गावाक होयी. आपल्याक भायरचो पत्तोच नाय. केबलवाल्यान सगळ्या वाडयेक मिळान एकच दिल्यान."

आबा खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत माझी एखादी गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळली होती.

"एकच पत्तो? मग टपाल खंयच्या घरात टाकूचा? अरे, वाडयेत चार बाबी आसत, दोघांच्या बापसाचा नावपण एक. पण एकाचा कार्ड दुसऱ्याक दिलंय, असा कधी झाला नाय."

"कसा ओळखलास?"

"वाचून! वाचल्याशिवाय कसा कळतला कोणाचा ता?"

खाजगीपणावरचं माझं भाषण तिथेच आटोपलं.

पण मुद्दा आबांचाच खरा. माझ्या राउटरला मिळालेला इंटरनेटचा पत्ता १००.६४ ने सुरू होतो. पत्त्यांचा हा पट्टा २०१२ साली खास असल्या सामायिक संसारासाठी राखून ठेवला. आतून बाहेर खुशाल जा, बाहेरून कोणी तुमच्या दारी येणार नाही. बाहेरून पेटीपर्यंत पोचवणारी पेजकाइटसारखी सेवा आहे, पण ती वाट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जाते. मग माळ्यावर पेटी कशाला तापवायची? आयपीव्ही६ ने, म्हणजे घरोघरी वेगळा पत्ता पुरेल अशा नव्या पत्ता-पद्धतीने, हे सुटलं असतं. त्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरावं लागतं, आणि त्याचा पासवर्ड केबलवाल्याकडे. डिपॉझिट माझं, वीजबिल माझं, किल्ली त्याची. फोन केला तर म्हणतो, "सिक्युरिटी असते ना साहेब. आणि तुम्हालाच कशाला हवंय? सगळ्यांचं यूट्यूब चालतंय." वेगळा पत्ता मिळेल, पण त्याचं महिन्याचं भाडं माझ्या प्लॅनपेक्षा जास्त. स्वतःच्या घराला नंबर हवा म्हणून भाडं! चिडायचं तरी कोणावर? वाडीत दुसरी केबलच नाही.

तिकडे डोंबिवलीहून बहिणीचा तगादा: चतुर्थीचे फोटो कुठायत? व्हॉट्सअपवर टाक ना सरळ.

"पेनड्राइव्हात घाल," आबांनी निकाल दिला. "उद्याच्या मुंबई एसटीचो ड्रायव्हर आपलोच आसा. डोंबिवलीची मी जबाबदारी घेतंय."

मी मुकाट्याने कॉपी करून पेनड्राइव्ह पुढे केला. आबांनी तो उलटसुलट करून पाह्यला आणि परत माझ्याच हातात ठेवला.

"आधी लाव हय. आत काय आसा ता बघूक नको?"