सशाचा ऑप्शन नाही

आमच्या घरात उंदीर झालेत, अशी बातमी परवापासून सोसायटीत फिरते आहे. लिफ्टमध्ये लोक माझ्या पिशवीपासून अंतर ठेवून उभे राहतात. सेक्रेटरींनी ग्रुपवर आधी नाव न घेता 'काही सदस्यांनी घरात स्वच्छता राखावी' असं लिहिलं, खाली हात जोडलेली चित्रं टाकली आणि पुढच्याच मेसेजात नाव घेतलं.

उंदीर नाहीत हो. ससा आहे. म्हणजे मादी आहे. नाव साजूक. रंग साजूक तुपाचा, स्वभाव करपलेल्या फोडणीचा. मुलीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने टोपलीतून आणून दिली तेव्हा मुठीत मावत होती. मामा आता बंगळूरला असतो आणि आमचा फोन उचलत नाही.

चार-पाच महिन्यांची होईपर्यंत सगळं गोड होतं. मग एके दिवशी तिची वाटी उचलायला हात घातला, तर 'घुर्र' करून पुढचे दोन्ही पंजे आपटत अंगावर आली. सोफ्याची मागची बाजू फाडून तिने आत एक खोली काढली आहे. माझ्या ऑफिसच्या बुटांची एक नाडी खाल्ली. एकच. दोन्ही खाल्ल्या असत्या तर मी निमूटपणे नवीन जोडी आणली असती. एक ठेवली म्हणजे त्यात टोमणा आहे. मनगटावरच्या खुणा बघून साहेबांनी विचारलं, काय झालं? 'ससा चावला' म्हटल्यावर ते क्षणभर गप्प बसले आणि मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं. सशाचं काळीज वगैरे म्हणणाऱ्यांनी ससा लांबूनच पाहिलेला असणार.

तर परवा तिने इंटरनेटची वायर तोडली. माझी मीटिंग चालू असताना. तक्रार केल्यावर संध्याकाळी एक तरुण आला. पाठीला बॅग, कानाला फोन, चेहऱ्यावर सगळं बघून झाल्याचा भाव. टीव्हीमागे वाकून त्याने तुटलेलं टोक उचललं.

"उंदीर," तो म्हणाला.

"नाही, ससा."

"ससा कुठला काका, उंदीरच ह्यो. रोज बघतोय मी."

मी बोट दाखवलं. साजूक सोफ्याखालून बाहेर येऊन कार्पेटच्या मधोमध बसली होती आणि आपला काही संबंध नसल्यासारखी कान धूत होती. त्याने बॅग खाली ठेवली आणि बॅगेशेजारी स्वतःही बसला.

"आयला," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "खायला पाळलाय?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

"पाळीव आहे," मी म्हणालो.

"पाळीवच ओ. पर शेवटी?"

"शेवटी काही नाही. शेवटपर्यंत पाळीव."

हे त्याला पटलं नाही, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही असं त्यांना शिकवत असावेत. तो वायरीकडे वळला. टोक उजेडात धरून बराच वेळ निरखलं आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर आदर आला. "कट लई क्लीन हाय काका. आमच्या नव्या पोरांच्या हातात वायर कापायचा क्लीव्हर दिला तरी असला बसत न्हाई."

मला उगाच अभिमान वाटला. तेवढ्यात त्याने मोबाइल काढला. बिघाडाचं कारण ॲपमध्ये भरल्याशिवाय काम सुरू करता येत नाही म्हणे. यादी अशी: उंदीर, पाणी, बांधकाम, वाहन.

"सशाचा ऑप्शन न्हाई," तो म्हणाला.

"'इतर' असेल की."

"हाय. पर 'इतर'ला फोटो लागतो. आता मी सशाचा फोटो टाकला तर हापिसातले म्हणणार, ह्यो ड्यूटीवर मस्करी करतोय. मागं एका ठिकाणी माकड व्हतं, खरंच माकड. माकड टाकलं तर दोन दिवसाचा पगार कापला."

"अहो, पण ससा उंदीर नाही!"

माझा आवाज चढला होता. मुलगी अभ्यास सोडून बाहेर आली. मी त्याला समजावून सांगितलं की सशाच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी दोन बारीक दात असतात, ते उंदराला नसतात. म्हणूनच १९१२ साली एका शास्त्रज्ञाने सशांना उंदीर-खारींच्या गणातून काढून वेगळा गण दिला. शंभर वर्षांपूर्वी मिटलेला वाद आहे हा. त्याने सगळं मनापासून ऐकून घेतलं.

"मागं आनखी दोन दात?"

"हो."

"मंजी उंदरापेक्षा डेंजर की," असं म्हणून त्याने 'उंदीर'वर टिक केली.

तोवर साजूक त्याच्याकडे गेली होती. जी बाई माझी चाहूल लागली की मागचा पाय आपटून घरभर धोक्याची सूचना देते, ती त्याच्याभोवती गोल गोल फिरून गुणगुणायला लागली. मग त्याच्या हत्यारांच्या बॅगेवर हनुवटी घासली. "गरीब हाय ओ," तो म्हणाला. गरीब नाही बाबा. हनुवटीखाली वासाची ग्रंथी असते. ससा जिथे ती घासतो तिथे मालकी सांगतो. तिने आत्ता तुझा क्लीव्हर नावावर करून घेतला. पण त्याने सहज बाजूने हात नेऊन कपाळावर ठेवला आणि ती पसरून आडवीच झाली. डोळे अर्धे मिटले. मी, जो रोज सकाळी ऑफिसला उशीर करून तिच्यासाठी कोथिंबीर निवडतो, जो परदेशातून आलेलं गवत विकत घेतो आणि त्याची खरी किंमत अजून बायकोला सांगू शकलेला नाही, तो मी उभा राहून हे पाहत होतो.

वायर जोडून झाल्यावर कळलं की उंदीर म्हणजे दोष गिऱ्हाइकाचा, त्यामुळे पैसे पडतील. आणि इमारतीत उंदीर निघाला की संदेश आपोआप सोसायटीला जातो. आता सेक्रेटरी पेस्ट कंट्रोलवाल्याला पाठवतो म्हणताहेत. विषाच्या वड्या घेऊन. सशाच्या घरात. मी नाही म्हटलं तर ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाची?'

मी काही केलं नाही असं नाही. हॉलमध्ये जाळीचं कुंपण घातलं. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर चोवीस ससे सोडले आणि पुढे त्यांना अडवायला १९०१ ते १९०७ या काळात सरकारने सव्वातीन हजार किलोमीटर कुंपण बांधलं. बांधून होईपर्यंत ससे पलीकडे पोचलेले होते. माझं कुंपण त्या मानाने बरं म्हणायचं. साजूक पलीकडे जायला संध्याकाळ झाली.

मग डॉक्टर शोधला. कुत्र्यांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण ससा म्हटलं की फोनवर आधी शांतता, मग 'आम्ही बघत नाही'. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टरीणबाई मिळाल्या. त्या म्हणाल्या, स्वभाव वाईट नाही, वयात आली आहे. सशाचे डोळे बाजूला असतात, त्याला मागचं आणि वरचं दिसतं, पण नाकासमोरचं नेमकं दिसत नाही. तुम्ही समोरून हात घातलात की तिला हल्लाच वाटतो. वायर म्हणजे बिळात आडवी आलेली मुळी, ती तोडणारच. नळीत घालून टाका. उकरायला पुठ्ठ्याचे खोके द्या. आणि ती तिच्या घरात असताना हात घालू नका, ते घर तिचं आहे.

गृहकर्ज माझं आहे, हे मी मनात म्हणालो.

राग मला साजूकचा कमी येतो. रस्त्याच्या कडेला पिंजऱ्यात पिल्लं मांडून बसणारा माणूस सांगतो, 'गाजर टाका, काही त्रास नाही.' गाजरात साखर असते. सशाचं खरं जेवण गवत. त्याचे पुढचे दात जन्मभर, वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढत राहतात आणि गवत दळता दळताच झिजतात. हे कोणी सांगत नाही. घेणारा त्याला बुटाच्या खोक्याएवढ्या पिंजऱ्यात कोंडतो आणि तो चावला की बिघडला म्हणतो. मामाने एकदा चुकून फोन उचलला होता, तेव्हा त्यानेही सल्ला दिला: "टेकडीवर सोडून द्या ना दाजी, निसर्गात." टेकडीवरचा ससा वेगळ्या जातीचा असतो, मातीच्या रंगाचा आणि वाऱ्याच्या वेगाचा. ही पांढरी, पोटावर फरशीची सवय असलेली. पहिल्या रात्रीतच कुत्री तिचा निकाल लावतील. हे सांगितलं तर म्हणाला, "मग काय करणार?" जणू टोपली मीच आणली होती.

तर ऑपरेशन ठरलं आहे. अंडाशय आणि गर्भाशय काढलं की आक्रमकपणा बहुधा उतरतो, पण लगेच नाही. हार्मोन्स निवायला काही आठवडे जातात. शिवाय तसंच ठेवलं तर उतारवयात सशिणीला गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण फार मोठं आहे, म्हणून बायकोनेही एकदाचं हो म्हटलं. खर्चाचा आकडा ऐकून मात्र ती गवताच्या किमतीबद्दलही विचारायला लागली, तेव्हा मी पाणी प्यायला उठलो.

डॉक्टरीणबाईंनी सूचना दिली: आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू नका. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे ती भीती नाही. उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात. भरपूर खाऊ घालूनच आणा.

कॅलेंडर पाहिलं तर त्या दिवशी नेमकी संकष्टी. बायको आणि मी दोघंही चंद्रोदयापर्यंत उपाशी, हातात वाळल्या गवताचा डबा घेऊन रिक्षात बसणार, आणि साजूक वाटेत जेवणार. चंद्र रात्री नऊच्या पुढे आहे.