छपरावरचे ७५ किलो

सात आसनी गाडी घेणाऱ्या माणसाला एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही आणि ती विचारावी असे त्यालाही सुचत नाही : सातही माणसे बसली की डिकी उरत नाही. तिसरी रांग उभी केल्यावर तिच्या पाठीमागे जी फट राहते, तीत दोन छत्र्या आणि एक पाण्याची बाटली मावते. मन मोठे केले तर मुलाची बॅडमिंटनची रॅकेटही मावते. चार वर्षे हे आमच्या लक्षात आले नाही, कारण चार वर्षांत आम्ही सात जण एकत्र असे कुठे गेलोच नव्हतो. यंदा मे महिन्यात गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी पुतण्याची मुंज ठरली आणि आई, बाबा, आत्या, आम्ही दोघे नि दोन मुले असे सगळे पुण्याहून दहा दिवसांसाठी निघणार, हे पक्के झाले. सामानाची यादी आईने केली. ती तीन पाने वाचून झाल्यावर बायको एवढेच म्हणाली, "अहो, टपावर कॅरिअर बसवून घ्या."

आमच्या लहानपणी कॅरिअर ही निवडायची वस्तू नव्हती. ते गाडीबरोबर जन्माला येत असे. दादरला उतरून टॅक्सी केली की त्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या डोक्यावर ते असायचेच, ट्रंका वर जायच्या आणि ड्रायव्हर एका हाताने दोरी आवळत दुसऱ्या हाताने मीटर पाडायचा. एसटीच्या टपावर तर सायकलीपासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत काय वाटेल ते चढत असे. त्या जुन्या गाड्यांना छपराच्या कडेने पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी पत्र्याची पन्हळ असायची, तीत चार पाय अडकवले आणि नट आवळले की काम झाले. पुढे गाड्या गुळगुळीत झाल्या, पन्हळ गेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या आणि कॅरिअर कशाला अडकवायचे, हा प्रश्न तेवढा मागे राहिला.

माझ्या गाडीच्या छपरावर दोन्ही बाजूंना चंदेरी रेल आहेत. त्या खऱ्या आहेत की शोभेच्या, ही शंका वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पार्किंगमध्ये काढली. हल्ली पुष्कळ गाड्यांवर नुसत्या दिसण्यापुरत्या प्लास्टिकच्या रेल चिकटवलेल्या असतात, त्यांच्यावर भार टाकला तर पहिल्याच वळणाला सामानासकट रस्त्यावर येतील, असे सांगत त्यांनी माझ्या रेलवर टिचकी मारली. टणक आवाज आला. मग निव्वळ तुलनेसाठी म्हणून मी त्यांच्या गाडीच्या रेलवर टिचकी मारली आणि साबणाच्या डबीसारखा आवाज आला. त्यानंतर तीन आठवडे आमचे लिफ्टमध्ये बोलणे नव्हते.

शंका मात्र डोक्यात राहिली, म्हणून समोरच्या खणातून गाडीचे माहितीपुस्तक काढले. चार वर्षे ते प्लास्टिकच्या पिशवीतच होते. जाडजूड पुस्तकाच्या पोटात कुठेतरी एका चौकटीत लिहिले होते, की छपरावर जास्तीत जास्त ७५ किलो भार ठेवावा आणि त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरावे. ह्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याने पुढचे दोन आठवडे माझा छळ केला. ७५ किलो म्हणजे एक मध्यम बांध्याचा मनुष्य. आईच्या यादीत असे किमान दोन मध्यम बांध्याचे मनुष्य होते.

नाना पेठेत मोटारींच्या सामानाची दुकाने एकाला एक लागून आहेत आणि प्रत्येक दुकानदाराला आपल्या गाडीचे नाव सांगण्याआधीच आपली गरज कळलेली असते. पहिल्याने लोखंडी जाळीचे, काळा रंग मारलेले कॅरिअर बाहेर काढले. ते उचलून दाखवायला दोन पोरे लागली. मी वजन विचारले तेव्हा दुकानदाराने अभिमानाने सांगितले, "चोवीस किलो, साहेब. दीडशे किलो टाका, काही होत नाही." कॅरिअरला काही होणार नाही, हे मलाही मान्य होते. प्रश्न खालच्या छपराचा होता आणि त्याबद्दल त्याचे काही म्हणणे नव्हते. दुसऱ्या दुकानात बंद झाकणाची लांबलचक काळी पेटी मिळाली. दिसायला देखणी, वाऱ्याला अडणार नाही अशा निमुळत्या तोंडाची, कुलूप असलेली, पावसाचा थेंब आत न जाऊ देणारी. मी तिचा फोटो घरी पाठवला आणि किंमत विचारण्याच्या आत आईचा फोन आला. "मुंजीला जायचंय ना आपल्याला? लोक विचारतील, वर कोण आहे म्हणून." किंमत मग मी विचारलीच नाही.

तिसऱ्या दुकानात ॲल्युमिनियमचे दोन आडवे दांडे आणि त्यांवर बसणारी ॲल्युमिनियमचीच उथळ टोपली मिळाली. दांडे ५ किलो, टोपली ११ किलो. म्हणजे १६ गेले, ५९ उरले. बाबा बरोबर होते. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असल्यामुळे कुठल्याही वस्तूकडे आधी कायद्याच्या बाजूने पाहतात. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, हे त्यांनी दुकानदाराला ऐकवले. २०१७ च्या अखेरीस बुलबारविरुद्ध केंद्र सरकारचे परिपत्रक निघाले तेव्हा आमच्या जुन्या गाडीचा बुलबार, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी दांडा, त्यांनी आपल्या देखरेखीखाली काढून घेतला होता, तेही ऐकवले. दुकानदाराने शांतपणे उत्तर दिले, "बाबा, छिद्र पाडत नाही, कापत नाही, चिकटवत नाही. चार नट सोडले की गाडी जशीच्या तशी." बाबांनी रेल वाकून पाहिली आणि अनुमती दिली.

बसवणारे मामा रस्त्याच्या कडेलाच काम करत होते. त्यांच्याकडे एक मोजपट्टी, एक एलन की आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे होते. क्लॅम्प रेलवर घासू नये म्हणून मधे ट्यूब घालायची. तिच्यामुळे पकडही चांगली येते. माहितीपुस्तकात बोल्ट किती न्यूटन मीटरने आवळावा, हे लिहिले होते. मी ते पान त्यांच्यासमोर धरले. त्यांनी पानाकडे आदराने पाहिले, हाताने बोल्ट फिरवत नेला, तो अडल्यावर किल्लीने आणखी अर्धा आटा दिला आणि म्हणाले, "हाताला कळतं, साहेब. ह्याच्या पुढं गेलं की ॲल्युमिनियम रडतं."

चारही पाय बसले. मामांनी दांडे हलवून दाखवले, म्हणजे दांडे धरून सगळी गाडी हलवून दाखवली. मी समाधानाने डिकी उघडली आणि टण् असा आवाज झाला. डिकीचे दार वर जाताना त्याची वरची कड टोपलीच्या मागच्या टोकावर आदळत होती. टोपली पुढे सरकवायला हवी होती. मामांनी बोल्ट सैल केले, टोपली ११ सेंटिमीटर पुढे घेतली, डिकी सुखाने उघडली. पण आता पुढचा दांडा सनरूफच्या वाटेत आला, कारण आमच्या सनरूफची काच थोडी वर उचलून छपरावरून मागे सरकते. ही काच हवी म्हणून मुलीने गाडी घेताना दोन दिवस जेवणावर बहिष्कार टाकला होता. मी फोन करून तिला विचारले, डिकी की आकाश? ती आकाश म्हणाली. बायकोने तिच्या हातातून फोन घेतला आणि डिकी म्हणाली. चुकून कोणी बटण दाबून काच दांड्यावर आपटू नये म्हणून मामांनी सनरूफच्या बटणावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, आणि पैसे देताना माझ्या लक्षात आले की गाडीच्या वरच्या मॉडेलसाठी मी जे जास्तीचे पैसे मोजले होते, ते त्या दोन इंच पट्टीखाली गेले होते.

आता ५९ किलोंची वाटणी. घरात वजनाचा काटा एकच, न्हाणीघराजवळचा, माणसे उभी राहण्याचा. सामान त्याच्यावर ठेवले की आकडा दिसत नाही, म्हणून बोचके हातात घेऊन माणसाने उभे राहायचे आणि त्याचे स्वतःचे वजन वजा करायचे, अशी पद्धत ठरली. मोठ्यांपैकी कोणीही आपला आकडा सर्वांसमोर उघड करायला तयार होईना. शेवटी ३४ किलो वजनाच्या मुलाला प्रमाण माप म्हणून नेमले. तो दीड तास काट्यावर चढत-उतरत होता आणि दर तिसऱ्या बोचक्यानंतर एक लाडू खात होता, त्यामुळे शेवटची काही मापे थोडी वादग्रस्त आहेत. एकूण बेरीज ११८ किलो आली. बरोबर दुप्पट. यादीला कात्री लागली, आणि ती लावताना घरात जे बोलले गेले ते लोकसभेत असते तर कामकाजातून वगळले गेले असते. आईची पितळी परात राहिली, कारण ती मुंजीची होती. बाबांची घडीची खुर्ची राहिली, कारण ती बाबांची होती. माझ्या दोन बॅगांची एक झाली.

शिवाय जड ते खाली आणि हलके ते वर, हा नियम पाळायचा होता. नाहीतर गाडीचा तोल वर सरकतो आणि घाटातल्या वळणावर ती नको तितकी झुकते. जड म्हणजे आत्याची हार्मोनियम, ११ किलो. ती मुलांच्या पायांखाली गेली. मुलांचे गुडघे मग हनुवटीपाशी गेले.

सामान चढवायचे ते फाटकाबाहेर, भर रस्त्यात. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी २.१ मीटरचा आडवा लोखंडी खांब आहे. गाडी १.७६ मीटर, वर कॅरिअरचे २० सेंटिमीटर. तेवढी ती कशीबशी बाहेर येते, सामानासह आली असती तर सामान तिथेच उतरले असते. पहाटे साडेपाचला अर्धी सोसायटी फिरायला निघते. प्रत्येकाने थांबून दोरी कुठे बांधावी ते सांगितले. साबणाच्या डबीवाले गृहस्थही थांबले, तीन आठवड्यांनी प्रथमच बोलले आणि म्हणाले, "उजवीकडे कलंडलंय." कलंडले होते. सोडून पुन्हा बांधले. ताडपत्री, तीवर दोन रुंद नायलॉनचे पट्टे, ते कुलपाच्या चापातून ओढून ताणलेले. गाडीत बसल्यावर मुलीने वर पाहिले. काचेतून आकाश दिसायचे तिथे ताडपत्रीच्या फटीतून आत्याच्या पोत्याची खालची बाजू दिसत होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'इंद्रायणी तांदूळ, निव्वळ वजन २५ किलो' असे छापलेले होते. आत्याने पोत्यात फक्त उशा आहेत असे सांगितले होते. पोते खरेच उशांचे होते, पण मी ते शिरवळला खाली उतरून हाताने दाबून पाहीपर्यंत मला चैन पडले नाही. तसेही पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे असतात, कारण सामान बसते आणि पट्टे ढिले होतात.

शिरवळच्या आधीच तो आवाज सुरू झाला होता. गाडी सत्तरच्या पुढे गेली की डोक्यावर ऊंऽऽऽ असा एकसुरी घुमारा. बाबा म्हणाले, चाकाचे बेअरिंग गेले. मुलगा म्हणाला, वर मधमाश्या आहेत. आत्याने डोळे मिटले, हार्मोनियमच्या पट्टीवर तो सूर बसवला आणि निकाल दिला, "काळी चार." मी वेग वाढवला तर ती म्हणाली, "आता काळी पाच. थांब, पेटी काढ, दाखवते." पेटी काढायची तर मुलांना काढावे लागले असते, म्हणून तिचे तसेच मान्य केले. शिरवळला दांड्यांच्या खाचा पाहिल्या, रबरी पट्ट्या जागच्या जागी होत्या. नट घट्ट होते. मला काहीच सापडेना.

आई चहाचा कप घेऊन खाली उतरली होती. तिने वर ताणलेला पट्टा बोटाने छेडला आणि विचारले, "हा असा सपाट का बांधलायस? गच्चीवर कपडे वाळत घालायला मी खाटेची नवार बांधली होती, ती वाऱ्यात अशीच घुमायची. एक पीळ दे." मी तिला वाऱ्याच्या दाबाबद्दल काही सांगायला लागलो. तिने कप माझ्या हातात दिला, आत्याला हाक मारली, आणि दोघींनी मिळून दोन्ही पट्टे सोडून एकेक पीळ देऊन पुन्हा बांधायला लावले. सपाट पट्टा वाऱ्यात सबंध लांबीभर एकदम थरथरतो. पीळ पडला की वारा त्याला ठिकठिकाणी वेगळ्या कोनातून लागतो आणि थरथर जमत नाही. हे मला नंतर सुचले. उंब्रजपर्यंत गाडी गप्प होती. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. वळणावर डुलली, पण शिस्तीत डुलली.

परतताना हिशेब साफ बदलला. बाबा पावसापर्यंत तिथेच राहिले. सामानात पेट्या वाढल्या : जाताना एकच होती, वाजणारी, येताना चार झाल्या, एक वाजणारी आणि तीन पिकणाऱ्या. ५९ किलोंत काय काय बसेल, ते मी आदल्या रात्री कागदावर मांडून ठेवले होते. आईने कागद न पाहताच सांगितले, की आंबा टपावर जाणार नाही, मेच्या उन्हात ताडपत्रीखाली त्याचे शिजून पन्हे होईल. पेट्या आत आल्या, मधल्या रांगेत तिघींच्या पायांखाली. कोकम आत आले, कारण त्याचा रंग उतरतो. वर गेल्या उशा, कपडे आणि बाबांची रिकामी बॅग, सगळे मिळून जेमतेम २० किलो. शेवटी भावाने १४ किलोंचा फणस आणला. वर चक्क ३९ किलोंची जागा होती, पण फणस गडगडतो, टपावर तो नको, ह्यावर घरात प्रथमच एकमत झाले आणि तो बाबांच्या जागी, माझ्या शेजारी बसला. गाडी सुरू होताच टीं-टीं वाजू लागले. समोरच्या आसनावर कोणीतरी पट्टा न लावता बसले आहे, असे गाडीचे म्हणणे होते. मी फणसाला पट्टा लावला.

घाट चढून आम्ही सपाटीला लागलो. उंब्रजच्या पुढे रस्ता मोकळा होता, गाडीने सत्तर ओलांडले आणि डोक्यावर ऊंऽऽऽ सुरू झाले. निघताना घाईत पट्टे मी बांधले होते. आरशात पाहिले, तर आत्या डोळे मिटून बसली होती.

"काळी चार," ती म्हणाली.

"गाडी बाजूला घे," आई म्हणाली.