पट्टी कोण लिहितं? 'ऐरोलीकर' यांना उत्तर

नमस्कार ऐरोलीकर,

गेम बनवणारे स्टुडिओ आणि पैसे लावून ते गेम बाजारात आणणारे पब्लिशर यांच्या भांडणांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लेख एकांगी आहे. पैसा पब्लिशर लावतो आणि गेम आपटला तर बुडतोही त्याचाच. स्टुडिओ मुदती पाळत नाहीत हे मी लपवलं. फ्रॉगवेअर्स या स्टुडिओच्या प्रकरणात कोर्टाने त्याच्या विरोधात मत दिलं होतं, तेही गाळलं. ॲक्टिव्हिजन ही गेम कंपनी पाच प्रोग्रॅमरनी काढली हे चूक. आणि शेवटी हे वाक्य: "ताई, ज्याने कधी स्वतःच्या खिशातून कोणाचा पगार दिला नाही, त्याने पैसे लावणाऱ्याकडे हिशोब मागू नये."

चूक आहे ती आधी मान्य करते. १९७९ मध्ये अटारी ही गेम कंपनी सोडून आलेले प्रोग्रॅमर चारच होते: डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड. पाचवा संस्थापक जिम लेव्ही हा संगीताच्या धंद्यातून आलेला माणूस. घाईत पाचही जणांना मी प्रोग्रॅमर करून टाकलं. तुम्ही लक्षात आणून दिलंत, आभार. अर्थात त्या चौघांनी अटारी का सोडली, हे त्याने बदलत नाही. गेमच्या खोक्यावर नाव नाही आणि विक्रीत वाटा नाही, म्हणूनच ते बाहेर पडले.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. तीन दिवस ते डोक्यातून गेलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या खिशातून काय गेलं आणि काय नाही, हे तुम्हाला कुठून कळलं? लेखात मी चित्रं काढायचे एवढाच उल्लेख होता. त्यावरून 'कलाकार मंडळींना पैशाचं गणित कळत नाही' असा निष्कर्ष काढून, वर 'ताई' लावून तुम्ही मोकळे झालात. हेच वाक्य तुम्ही एखाद्या पुरुष प्रोग्रॅमरला 'दादा' म्हणून लिहिलं असतंत का? मला नाही वाटत. मतभेद असू द्या, पण माणसाला न विचारता त्याचा इतिहास ठरवायचा नसतो.

तर माझा इतिहास ऐका. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनिअरिंग वर्कशॉपच्या वरचा गाळा आम्ही तिघांनी आमच्या गेम स्टुडिओसाठी भाड्याने घेतला होता. खाली दिवसभर लेथ चालायची, म्हणून आवाजाचं रेकॉर्डिंग रात्री दहानंतर. आमच्या पगारावर चार जण होते: दोन प्रोग्रॅमर, एक ॲनिमेटर, एक टेस्टर. पब्लिशर परदेशी, त्याचं नाव लिहिणार नाही. करार माइलस्टोनचा होता, म्हणजे कामाचा एक टप्पा द्यायचा, त्यांनी तो मंजूर करायचा, मग हप्ता. पहिले चार टप्पे सुरळीत गेले. पाचव्याच्या वेळी आमचं काम बघणारा त्यांचा प्रोड्युसर नोकरी सोडून गेला. नव्याने आलेल्या माणसाला चौथ्या टप्प्यात मंजूर झालेली लेव्हलच आवडेना. त्याने ती बदलायला सांगितली, आम्ही बदलली, आणि तोवर पाचव्याचा हप्ता अडकला. तीन महिने.

त्या तीन महिन्यांत चौघांचा पगार मी दिला. महिन्याला सव्वा लाख, एकूण पावणेचार लाख. घणसोलीत वन आरके बुक करायला साठवलेले पैसे होते ते. आम्हा तिघांचा पगार शून्य. दर एक तारखेला ठाणे स्टेशनवरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून कोपरखैरण्याला आई-बाबांकडे जेवायला जायचे, आणि बाबांनी विचारलं की "चाललंय" म्हणायचे. तेव्हा 'ज्याने कधी खिशातून पगार दिला नाही' हे माझ्याबद्दल खोटं आहे. साफ खोटं.

बाबांचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते, कारण हिशोब म्हणजे काय हे मी त्यांच्याकडून शिकले. बाबा वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावर पट्टी लिहायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेतकरी माल पाठवतो, आडत्या तो विकून देतो, आणि विक्रीतून काय काय वजा झालं त्याचा जो कागद शेतकऱ्याला मिळतो ती पट्टी. गाडीभाडं, हमाली, तोलाई, वाराई आणि आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन. खाली राहिलेला आकडा शेतकऱ्याचा. भाव पडला की कधी कधी पट्टी उलटी यायची, म्हणजे माल विकूनही शेतकऱ्याच्याच नावावर देणं निघायचं. शाळेला सुट्टी असली की मी गाळ्यावर जाऊन बसायचे. जुन्नरकडचे एक आजोबा पट्टी हातात घेऊन प्रत्येक ओळीवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, हे कशाचं? बाबा कार्बन कॉपी काढून दाखवायचे. एकदा हमाली दोनदा लागली होती, ती बाबांनी त्यांच्यासमोर खोडली.

आडत्याने पैसा गुंतवलेला नसायचा का? असायचा. उचल द्यायचा, गाळ्याचं भाडं भरायचा, उधारी बुडाली तर सोसायचा. पण म्हणून त्या आजोबांनी पट्टी मागू नये, असं त्या गाळ्यावर कोणी कधी म्हणालं नाही. पुढे २०१६ मध्ये तर फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा बदल सरकारने केला. आणि त्या आजोबांना निदान काटा तरी दिसायचा. माल तोलताना ते शेजारी उभे राहू शकत होते.

आम्हाला काटा दिसत नव्हता. तुमच्या 'पैसा पब्लिशरचाच बुडतो' या म्हणण्याची गोम इथेच आहे, म्हणून जरा आकड्यांत सांगते. आमचे खरे आकडे करारामुळे लिहिता येत नाहीत, गोल आकडे घेते. समजा पब्लिशरने स्टुडिओला ४० लाखांचा ॲडव्हान्स दिला आणि रॉयल्टी २५ टक्के ठरली. ॲडव्हान्स आधी 'रिकूप' व्हायचा, म्हणजे वसूल व्हायचा, मग रॉयल्टी सुरू. प्रश्न असा की तो वसूल कोणाच्या वाट्यातून करायचा? कितीतरी करारांत तो स्टुडिओच्या २५ टक्क्यांतून होतो. मग ४० लाख फिटायला पब्लिशरच्या हातात १ कोटी ६० लाख यावे लागतात. स्टीमसारख्या गेम विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरचा ३० टक्के कट आधी जातो, म्हणजे दुकानातली विक्री जवळपास २ कोटी ३० लाख. तोवर पब्लिशरचे ४० लाख केव्हाच सुटलेले असतात आणि वर १ कोटी २० लाख त्याच्याकडे जमलेले असतात. त्यातून जाहिरात, भाषांतर, पोर्टिंग (गेम दुसऱ्या यंत्रांवर चालेल असा करणं), टेस्टिंग वजा करा, हरकत नाही. पण ते किती वजा केलं हे लिहिणारा तोच. आणि हाच खर्च वसुलीत आधी घालायचा असं करारात असलं, तर स्टुडिओचा पहिला रुपया आणखी लांब जातो.

आम्हाला पहिलं रॉयल्टी स्टेटमेंट आलं त्यात 'इतर खर्च' अशी एकच ओळ होती आणि तिच्यापुढचा आकडा आमच्या दोन टप्प्यांच्या हप्त्यांएवढा. विचारलं, हे कशाचं? अगदी त्या आजोबांसारखं बोट ठेवून विचारलं. उत्तर आलं की तपशील अंतर्गत आहे. ऑडिटचा हक्क करारात होता, पण ऑडिटर आमच्या खर्चाने आणि त्यांच्या देशात. म्हणजे नव्हताच. त्या गेमवर आम्हाला आजवर एक रुपया रॉयल्टी आलेली नाही.

तुम्ही म्हणाल, सही केलीत ना? केली. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे मला सहीनंतर दोन वर्षांनी कळलं. पब्लिशरच्या वकिलांना ते आधीपासून माहीत असणार, कारण 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द आमच्या कागदावर छापूनच आले होते.

मोठ्या स्टुडिओंचंही वेगळं नाही, फक्त शून्यं वाढतात. 'फॉलआउट: न्यू वेगास' हा गेम ऑब्सिडियन या स्टुडिओने बेथेस्डा या पब्लिशरसाठी बनवला, २०१० मध्ये आला. रॉयल्टी नव्हती. मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या साइटवर, ८५ गुण मिळाले तर बोनस, हे ऑब्सिडियनच्या ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं. गेमला मिळाले ८४. तुम्ही लिहिलंत की गेममध्ये बग होते. होते! पण माझा मुद्दा असा की एका स्टुडिओच्या बोनसचा काटा तिसऱ्याच्याच दुकानात टांगला होता, आणि तिथे उभं राहायला ना स्टुडिओला जागा ना पब्लिशरला.

आपल्याकडे बीजीएमआय या मोबाइल गेममुळे घराघरात पोचलेली क्राफ्टन कंपनी घ्या. तिने २०२१ मध्ये 'सबनॉटिका' बनवणारी अननोन वर्ल्ड्स ५० कोटी डॉलरना घेतली आणि कमाईचं लक्ष्य गाठलं तर आणखी २५ कोटी डॉलरपर्यंत देण्याचं ठरलं. जुलै २०२५ मध्ये स्टुडिओचे प्रमुख हटवले गेले आणि 'सबनॉटिका २' पुढे ढकलला गेला. प्रमुखांचा आरोप असा की ही वरची रक्कम टाळायलाच हे केलं. क्राफ्टनचं म्हणणं असं की गेम तयार नव्हता आणि प्रमुखांनी जबाबदारी सोडली होती. भांडण अमेरिकेतल्या डेलावेअरच्या कोर्टात गेलं. खरं कोण ते बाजूला ठेवा. पण लक्ष्य गाठायची घड्याळं ज्याच्या हातात, पैसे द्यायचेही त्यालाच, अशी रचना केली की भांडण होणारच, माणसं कितीही सज्जन असोत.

फ्रॉगवेअर्सचं म्हणाल तर हो, ऑक्टोबर २०२० मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने त्यांनी करार तोडण्याची पद्धत उघडपणे बेकायदा असल्याचं म्हटलं होतं. तो अंतिम निकाल येईपर्यंतचा आदेश होता. 'द सिंकिंग सिटी' या त्यांच्या गेमचे सगळे प्रकाशनहक्क २०२४च्या सुरुवातीला फ्रॉगवेअर्सकडेच आले. आणि तक्रार काय होती त्यांची? हप्ते उशिरा, विक्रीचा तपशील अपुरा, आणि आधी मंजूर केलेले टप्पे नंतर नामंजूर. त्यांच्या पब्लिशरला, नेकॉनला, हे मान्य नव्हतं, हेही नोंदवते. पण हे वाचताना मला वागळे इस्टेटचा तो गाळा आठवला, म्हणून ते उदाहरण लेखात आलं. तुम्हाला त्यात लबाडी दिसली असेल तर इलाज नाही.

राहिले तुमचे मुदतींबद्दलचे आणि बहुतेक गेम तोट्यात जातात हे मुद्दे. स्टुडिओ उशीर करतात, हे कोणाला माहीत नाही? माझा लेख त्यावर नव्हता. तोट्याचं म्हणाल तर ज्याच्याकडे वीस गेम आहेत त्याचा एक बुडणं आणि ज्याच्याकडे एकच आहे त्याचा तो बुडणं, यात काय फरक आहे हे तुमच्यासारख्या गणित जाणणाऱ्याला समजावण्याची गरज नसावी. यावर मी आणखी लिहिणार नाही.

एक विनंती आहे. तुम्ही प्रतिक्रियेत सुचवलंत की तुम्ही स्वतः पब्लिशिंगच्या बाजूला काम केलं आहे. मग तुमच्या कंपनीच्या करारातलं रिकूपचं कलम, नावं आणि आकडे झाकून, इथे टाका. कोणाच्या वाट्यातून वसुली होते आणि 'इतर खर्चा'त काय काय बसतं, ते सगळेच बघू. कलम स्टुडिओला न्याय देणारं निघालं तर मी ते लेखाच्या वर लावेन, तुमच्या नावासकट. मात्र ते टाकताना मला ताई म्हणू नका.

मूळ लेखात दोन बदल आज केले आहेत. ॲक्टिव्हिजनच्या परिच्छेदात 'पाच प्रोग्रॅमर'च्या जागी 'चार प्रोग्रॅमर आणि जिम लेव्ही' केलं आहे, आणि फ्रॉगवेअर्सच्या परिच्छेदात पॅरिसच्या आदेशाची ओळ घातली आहे.