घरपट्टी घेता, मग दुरुस्तीला भिंत पडायची वाट का बघता?

घरपट्टीची पावती एकदा नीट वाचून बघा. मूळ कराच्या खाली आरोग्य उपकर 15 टक्के, ग्रंथालय उपकर 6 टक्के, भिक्षुक उपकर 3 टक्के असे रकाने असतात. एप्रिलमध्ये भरली की करात 5 टक्के सूट मिळते, म्हणून आम्ही बेळगावातल्या शहापूर-वडगावची माणसं वर्ष सुरू होताच पैसे भरून मोकळी होतो. थकबाकी ठेवायची आपल्याकडे पद्धतच नाही. पण ज्या घरावर हा कर बसतो, ते घर उभं राहावं म्हणून त्या पावतीत एकही रकाना नाही. गेली काही वर्षं हीच गोष्ट मला खात आहे, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

जुलै लागला की आपल्या वर्तमानपत्रांत फोटो सुरू होतात. अमुक गल्लीत घराची भिंत कोसळली, सुदैवाने जीवितहानी नाही, संसारोपयोगी साहित्याचे नुकसान, तलाठ्यांकडून पंचनामा. प्रत्येक वेळी सुदैव साथ देतंच असं नाही. 6 ऑक्टोबर 2021 ला आपल्याच तालुक्यातल्या बडाल अंकलगीत भिंत कोसळून 7 जण गेले, बहुतेक एकाच कुटुंबातले, त्यात लहान मुलीही होत्या. मृतांमागे 5 लाखांची मदत जाहीर झाली. त्याआधी 2019 च्या महापुरानंतर कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख जाहीर केले होते. ती मदत अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडली, ते नाकारायचं कारण नाही. पण त्या वेळी गावोगाव काय चाललं होतं ते आठवा. आमचं घर नुकसानीच्या ए कॅटेगरीत की बी की सी, यावर भाऊ-भाऊ भांडत होते. ज्याने आदल्या उन्हाळ्यात कर्ज काढून भिंत सावरून घेतली त्याला काही नाही, आणि ज्याची कोसळली त्याला पैसे. घर सांभाळणाऱ्याच्या वाट्याला आपल्या व्यवस्थेत काहीच येत नाही.

जुनी घरं कशी पडतात हे ज्यांनी जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या गल्ल्यांतली घरं मातीच्या जाड भिंतींची. आत लाकडी खांब, वर तुळया, वासे आणि मंगळुरी कौलं. ही घरं कमकुवत नाहीत, पण त्यांना दरवर्षी हात लावावा लागतो. पावसाआधी कौलं फिरवायची, फुटकी बदलायची, भिंतीचा पाया कोरडा ठेवायचा. आता कौलं फिरवणारा माणूस शोधून सापडत नाही आणि सापडला तर त्याची मजुरी परवडत नाही, म्हणून लोक वर ताडपत्री टाकतात. ताडपत्रीखाली लाकडाला वारा लागत नाही, वाळवी येते. त्यात रस्ते. आमच्या बाजूच्या एका बोळात दर कामाला जुन्या रस्त्यावरच नवा थर चढवत गेले. पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जायचो, आता एक पायरी उतरून जावं लागतं. गटारीची पातळी उंबऱ्याच्या वर. मोठा पाऊस झाला की पाणी आधी दारात, मग जोत्याशी मुरतं. भिंत खालून ओली होते, गिलाव्याचे पोपडे सुटतात, आत हात घातला की माती भुगा होऊन हातात येते. एवढं झाल्यावर फक्त एका मोठ्या पावसाची गरज असते.

वडगाव, खासबागला तर घर आणि कारखाना एकच. पुढच्या खोलीत माणसं, मागच्या खोलीत यंत्रमाग. माग सुरू झाला की भिंतीला हादरा बसतो, दिवसभर बसतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याचं पाणी चढलं तेव्हा मागाची मोटर, बीम, बीमवरची अर्धी विणलेली साडी, सगळं पाण्यात होतं. एका घरी मी गेलो तर त्या घरची काकू ओलं सूत दोरीवर वाळत घालत होती. ते सूत कामाचं उरलं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. त्या घराची मागची भिंत आजही बांबूच्या टेक्यावर आहे.

आता पैशाकडे येऊ. या घरांची दुरुस्ती आज कोण करतं? उत्तर सरळ आहे, घरातल्या बायकांचं सोनं. पाटल्या सोनेतारणात जातात, नाहीतर भिशी उचलली जाते, नाहीतर सोसायटीचं कर्ज निघतं, ज्याला दोन जामीन लागतात. आमच्याकडच्या एका भिंतीचा आकडा गवंड्याने दीड लाखाच्या पुढे सांगितला. रोज शंभर-दोनशे रुपयांची पिग्मी भरणाऱ्या घराला तो आकडा ऐकूनच घाम फुटतो. आपल्या गावच्या पतसंस्था आणि सहकारी बँका नसत्या तर निम्म्या गल्ल्या कधीच बसल्या असत्या, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण त्या संस्थांनाही शेवटी वसुली करायची असते, व्याज लावावं लागतं.

मग सरकारी योजना? प्रधानमंत्री आवास योजना 2015 ला आली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख. बांधायचं म्हणजे नवीन बांधायचं, नाहीतर आहे त्या घराला किमान 9 चौरस मीटर वाढवायचं, असा तिचा नियम होता. आहे त्या भिंतीला, आहे त्या छपराला हे पैसे नाहीत. गल्लीतल्या आठ फूट रुंदीच्या लांबट घरात 9 चौरस मीटर वाढवायचे कुठे? शेजाऱ्याची भिंत आणि आपली भिंत सामाईक आहे. झोपडपट्टी विकास मंडळाकडे जावं तर त्यांना घोषित झोपडपट्टी लागते, आणि आपल्या गल्ल्या तर शहराचा सगळ्यात जुना, प्रतिष्ठित भाग!

आणि या सगळ्याच्या आधी उतारा. घर पणजोबांच्या नावावर, वारस चौदा, त्यातले तीन पुण्यात, एक गोव्यात, एकाचं नाव घेतलं तरी घरात भांडण. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव नाही म्हणून योजना नाही, बँकेचं कर्ज नाही. पण घरपट्टीची पावती मात्र दरवर्षी त्याच पणजोबांच्या नावाने निघते आणि जो राहतो तो भरतो. कर घेताना मालकीचा प्रश्न येत नाही, मदत देताना येतो. मला हा सरळ सरळ अन्याय वाटतो.

फार कमी लोकांना माहीत असलेली एक गोष्ट सांगतो. महापालिकेच्या निधीत अनुसूचित जाती-जमातींसाठी 24.10 टक्के आणि इतर गरीब कुटुंबांसाठी 7.25 टक्के राखीव असतात. त्यातून वैयक्तिक लाभ देता येतो, घरदुरुस्तीलाही देता येतो. नगरसेवकाला, अधिकाऱ्याला हे आकडे तोंडपाठ असतात. गल्लीत विचारा, दहातल्या एकालाही माहीत नाही. जाहिरात कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, मुदत संपल्यावर कुणीतरी सांगणार की असं काही होतं. मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे ही आपली जुनी मागणी आहे. तिचा अर्थ दुकानांच्या पाट्यांपुरता ठेवू नका. साठीच्या बाईला स्वतःच्या भिंतीसाठी अर्ज स्वतः वाचता येणं, हा त्या मागणीचा गाभा आहे.

मोठा पैसा शहरात आला नाही असंही नाही. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीची पहिली 20 शहरं जाहीर झाली त्यात बेळगाव होतं. दर शहराला पाच वर्षांत केंद्राचे 500 कोटी आणि तेवढेच राज्याने घालायचे, अशी योजनेची मांडणी. रस्ते झाले, दिवे लागले, कलामंदिरच्या जागेवर संकुल झालं, बसस्थानक झालं. त्यातली काही कामं चांगली आहेत, मी ती वापरतो. पण शहापूर ते जुना पीबी (पुणे-बेंगळुरू) रोड या रस्त्याचं काय झालं? भूसंपादन नीट न करता रस्ता केला, जमीनमालक हायकोर्टात गेले आणि 2024 मध्ये 20 कोटींची भरपाई द्यायची कुठून, यावर महापालिकेच्या सभागृहात चर्चा करायची पाळी आली. एका रस्त्याच्या चुकीपायी सभागृह 20 कोटींचा विचार करू शकतं. मग शहरभरातल्या मोडकळीला आलेल्या भिंतींसाठी एक कोटी बाजूला काढायचा विषय निदान पटलावर तरी येऊ दे.

केंद्राच्या वित्त आयोगाच्या पैशाचं म्हणाल तर 15 व्या आयोगाने आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता. तिथे हात लावता येत नाही. म्हणजे राहिली घरपट्टी, शहराची स्वतःची कमाई. त्यातूनच काहीतरी करता येईल.

मुंबईचं उदाहरण मुद्दाम देतो. तिथे 1969 मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्ती आणि पुनर्रचनेचा कायदा झाला. शहर भागातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला आणि त्या पैशातून दुरुस्ती करायला स्वतंत्र मंडळ आलं, जे आता म्हाडात आहे. सगळं आलबेल झालं का? नाही. उपकराचा पैसा पुरला नाही, सरकारला भर घालावी लागली, इमारती तरीही पडल्या आणि पुढे पुनर्विकास बिल्डरांच्या हाती गेला. तो शेवटचा भाग आपल्याला नकोच. खडेबाजारच्या मागच्या बोळात सात मजली टॉवर उभा करून तिथली माणसं कुठल्यातरी लेआउटला पाठवायची, याला मी आयुष्यभर विरोध करीन. पण दुरुस्ती हा शहराचा खर्च आहे आणि त्याला वेगळं खातं लागतं, एवढं त्या कायद्याने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलं. आपल्याकडे अजून तेवढंही मान्य नाही.

माझं म्हणणं असं आहे. घरपट्टी वाढवू नका. आहे त्या वसुलीतला ठरावीक वाटा घरदुरुस्ती निधी म्हणून वेगळ्या खात्यात टाका आणि ज्या प्रभागातून आला त्याच प्रभागात खर्च करा. तो वाटून संपवू नका, कर्जाऊ द्या. महापालिकेने व्याज सोसायचं, पतसंस्थेने कर्ज द्यायचं आणि वसूल करायचं. कोण फेडेल, कोण बुडवेल हे आपल्या पतसंस्थांना कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळतं. फेडलेला पैसा पुढच्या घराला. अगदी निराधार माणसांना कर्ज झेपणार नाही, त्यांना 7.25 टक्क्यांतून थेट मदत. आणि दुरुस्तीसाठी उताऱ्याची अट काढा. सलग घरपट्टी भरल्याच्या पावत्या आणि वारसांपैकी राहणाऱ्याचं हमीपत्र पुरे. इथे कुणी मालकी मागत नाही, छप्पर सावरायला मागतोय. मे महिन्यात महापालिकेचे इंजिनिअर धोकादायक घरांना नोटिसा देतातच. त्या नोटिशीबरोबर कर्जाचा अर्ज द्या, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत. नुसती 'घर खाली करा' अशी नोटीस घेऊन माणूस जाणार कुठे?

काही मित्र म्हणतात, आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग हे बघू. सीमाप्रश्न माझाही आहे. 1 नोव्हेंबरला मी काळा दिन पाळतो, हुतात्म्यांपुढे डोकं टेकवतो. पण 1956 पासून आपण वाट बघतोय, सुप्रीम कोर्टातला दावा 2004 पासून पडून आहे, आणि या काळात किती भिंती गेल्या? महापालिकेत वर्षानुवर्षं आपली माणसं होती, महापौर आपले होते. भगव्या झेंड्यासाठी सभागृह डोक्यावर घेतलं ते बरोबरच होतं. त्याच सभागृहात घरदुरुस्तीचा ठराव तेव्हाच यायला हवा होता. आज 58 प्रभागांत निवडून आलेले कुठल्याही पक्षाचे असोत, मराठी बोलणारे असोत की कन्नड, पडकी भिंत दोघांच्याही प्रभागात आहे. आमच्या बोळात कन्नड विणकर कुटुंबं आहेत, त्यांच्या घरातही तेवढंच पाणी शिरतं. या मागणीत ते आपल्याबरोबर येतील याची मला खात्री आहे.

महापालिका अर्थसंकल्पाआधी नागरिकांची बैठक घेते. तिथे दरवर्षी व्यापारी, संघटना, चार ठरलेली मंडळी जातात. या वेळी आपण जाऊ. मागणी एकच, अर्थसंकल्पात 'घरदुरुस्ती निधी' हे शीर्षक आलं पाहिजे, पहिल्या वर्षी रक्कम कितीही असो. शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ आणि गावातल्या जुन्या गल्ल्यांतल्या ज्यांच्या घराची भिंत धोक्यात आहे त्यांनी भिंतीचा एक फोटो आणि शेवटच्या घरपट्टीच्या पावतीची झेरॉक्स आपल्या गल्लीच्या युवक मंडळाकडे द्यावी. अर्ज कन्नडमध्ये लिहून द्यायला मी आणि दोन निवृत्त शिक्षक बसणार आहोत, रविवारी सकाळी, ज्या मंडळाने बोलावलं त्या मंडळात. निपाणी, खानापूरच्या मित्रांनी आपापल्या नगरपालिका, नगरपंचायतीत हेच करावं, मजकूर हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो.