डोंगरकर

फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर, उत्तरेला कॉर्डिलेराचे डोंगर आहेत. तिथल्या लोकांना ‘इगोरोट’ म्हणतात. ‘गोलोत’ म्हणजे डोंगररांग आणि आधीचा ‘इ’ म्हणजे तिथला, आपल्या ‘कर’सारखा. थोडक्यात, डोंगरकर! पण सपाटीवरच्यांनी नाक मुरडून तो शब्द इतका वापरला की त्याची शिवी झाली. ‘घाटी’ ऐकून मोठे झालेल्यांना हे समजावून सांगायला नको.

१९०४ साली अमेरिकेत, सेंट लुईसच्या जत्रेत बोंतोक या गटातल्या इगोरोटांना प्रदर्शनात ठेवलं होतं. नाचायला लावायचे, कुत्रं खायला लावायचे आणि गोरी गर्दी बघत उभी. १९४३ मध्ये कार्लोस रोम्युलो या बड्या फिलिपिनो मुत्सद्द्याने लिहिलं, की इगोरोट हे फिलिपिनो नव्हेत. हेच गृहस्थ पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. असो.

आज कितीतरी जण हा शब्द छाती काढून मिरवतात. याच डोंगरांतल्या इफुगाओ गटातले बरेच लोक मात्र म्हणतात, आम्हाला इफुगाओच म्हणा. मला दोघांचंही पटतं.

पटत नाही ते ‘इगोरोट भाषा’ हे प्रकरण. अशी भाषाच नाही! बोंतोक, कानकनाय, इबालोय, इफुगाओ, कलिंगा, इस्नेग अशा कितीतरी वेगवेगळ्या भाषा आहेत. इफुगाओंचं ‘हुडहुड’ घ्या. पेरणीला, कापणीला, मयताच्या घरी रात्री जागवताना म्हणायच्या या कथा. म्हणणारी मुख्य बाई बहुधा म्हातारी, बाकीच्या मागून सूर धरतात. एकेक कथा तीन-चार दिवसही चालते. २००१ मध्ये युनेस्कोने ‘हुडहुड’ला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून मान दिला. छानच झालं, पण प्रमाणपत्राने नातीला आजीचे शब्द कळायला लागत नाहीत.

आणि भाषा मागे पडते ती फक्त इंग्रजी-टागालोगमुळे असंही नाही. कॉर्डिलेरातल्या बागिओ शहराच्या बाजारात इबालोय आणि कानकनाय लोक एकमेकांशी बोलतात ते शेजारच्या सपाटीवरच्या इलोकानो भाषेत. सोयीची भाषा ती. तिचा राग तरी कसा यावा?

२०१३ च्या कायद्याने लहान मुलांना मातृभाषेतून शिकवणं आलं. २०२४ मध्ये ते सक्तीचं राहिलं नाही. आता सगळी मुलं एकाच भाषेची असतील अशा वर्गातच, तेही ऐच्छिक. बागिओत असा वर्ग भरवून दाखवा बरं.