जुनं चांदीचं नाणं घ्यायचंय? मग काटा घरीच ठेवा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस घोड्याचा जबडा उघडून दात बघतो, खूर उचलून बघतो, पळवून बघतो आणि मग दोन तास भाव करतो. फारच संशयी जात. आपण शिकलेली माणसं. आपण जुनं नाणं घ्यावं ते मी यंदाच्या यात्रेत घेतलं तसं: उभ्या उभ्या, सात हजार मोजून, हातातला चहा संपायच्या आत.

पहिली गोष्ट, नाणं बघू नका, माणूस बघा. "दादा, घरनं शे, तुमले म्हणीसन दी राहिनू," म्हणजे घरचं आहे, तुमच्यासाठी म्हणून देतोय, असं कुणी अहिराणीत म्हणालं की विषय संपला. आपल्या बोलीत बोलणारा फसवेल का? आजा सिंगापूरला पलटणीत होता, नाणी ट्रंकेच्या तळाशी फडक्यात होती, आता बहिणीचं लग्न आहे. आजा, ट्रंक आणि लग्न, तिन्ही जुळले की नाणं अस्सल समजावं.

मला मिळाला ब्रिटिश ट्रेड डॉलर. जाणकार त्याला बॉम्बे डॉलर म्हणतात. 1895 ते 1935 या काळातले हे डॉलर बहुतेक मुंबईच्या टांकसाळीत पडले, चालले मात्र हाँगकाँग, सिंगापूर, चीनकडे. एका बाजूला त्रिशूळ घेऊन उभी ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलय लिपीत 'एक डॉलर'. माझ्यावर साल होतं 1921. 1921 आणि 1935 ही दुर्मिळ सालं, त्यामुळे नकली पाडणाऱ्यांचाही त्यांच्यावर भारी जीव. त्या फडक्यात सहा नाणी होती. सहाही 1921ची. आणि सहाहीवर ब्रिटानियाच्या ढालीखाली, एकाच जागी, एकसारखी आडवी चीर. म्हणजे शंभर वर्षं सहा नाणी सहा खिशांत फिरली आणि सहाही जणांच्या हातून एकाच कोनात आपटली! एका नाण्यावरून साचा काढला की त्याचा ओरखडाही साच्यात उतरतो, असले विचार यात्रेत करू नयेत. मीही केले नाहीत.

व्हिक्टोरियाच्या रुपयावर साल 1862 आणि नाव 'एम्प्रेस' असेल तर डोळे मिटून घ्या. बाई 'एम्प्रेस' झाल्या 1877ला, पण आपल्याला काय करायचंय!

1818चं, राम-सीता असलेलं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं? दोन घ्या. कंपनीने ते कधी पाडलंच नाही, म्हणजे केवढं दुर्मिळ!

आता चुंबक. हा सल्ला सगळेच देतात, चांदी चुंबकाला चिकटत नाही म्हणून. बरोबर आहे. पण त्या पठ्ठ्याने चुंबक स्वतःच्या खिशातून काढून माझ्या हातात ठेवलं. "बघा दादा, चिकटते का!" नाही चिकटलं. मी खूश. अरे, तांबं तरी कुठे चिकटतं? पितळ चिकटतं? जर्मन सिल्व्हर चिकटतं? त्या जर्मन सिल्व्हरमध्ये तर नावापुरतीही चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि त्याचीच ताटं-वाट्या लग्नात देतात हे मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत आहे. चुंबकाने मुख्यतः लोखंड पकडलं जातं, आणि आता लोखंडाची नाणी करण्याइतकं बावळट कुणी राहिलेलं नाही. बावळट या बाजूला उभे असतात, चहा घेऊन.

खरा डॉलर 39 मिलिमीटरचा, वजन 26.95 ग्रॅम, चांदी नव्वद टक्के. जळगावच्या सराफ्यात काट्यावर टाकला तेव्हा माझा भरला 22.6. घासून थोडी-फार झीज होते, पण चार ग्रॅम? सोनाराने कड भिंगाखाली धरली. दाते मधेच बुजलेले, कडेभर ओतीव कामाची बारीक रेघ, आणि काळपटपणा नखाने निघाला. त्याच्या खाली पिवळं. तो काही बोलला नाही, नाणं नुसतं काचेवर सरकवून दिलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

आणि गंमत बघा, हे सगळं आपल्या आजीला येत होतं. ब्रिटिश रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. आजी रुपया ठेवून सोनं तोलायची. आपण खिशात दोनशे रुपयांचा पॉकेट काटा ठेवायला लाजतो, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून!

वाईट वाटू द्या. काटा काढला की जो नाणं परत फडक्यात गुंडाळतो, त्याच्याकडून घ्यायचंच नाही. त्यात एवढं अवघड काय आहे? खोदकामात हंडा सापडला म्हणणाऱ्याला तर पहिलं विचारा, कलेक्टरला कळवलंस का? दहा रुपयांवरचा पुरलेला ठेवा सापडला तर कळवावं लागतं, 1878पासूनचा कायदा आहे.

पण मला त्या विकणाऱ्यापेक्षा जास्त राग आला तो माझ्या मित्राचा. नाणं हातात घेऊन म्हणाला, "भो, टेन्शन नको घेऊ. साडेसातला दुसऱ्याला देऊन टाक, तुझे पैसे वसूल." हेच तर चाललंय! प्रत्येक फसलेला माणूस गप्प बसतो आणि पुढचा शोधतो, म्हणून ही सहा नाणी दर यात्रेला नव्या आजाच्या ट्रंकेतून निघतात. लाज वाटायला हवी. फसलो हे सांगायला नाही, पुढे ढकलायला.

माझ्या डॉलरवर मी त्याच सोनाराकडून 'नकली' असं कोरून घेतलं. त्याचे पन्नास रुपये झाले.