‘जेईईचा अभ्यास झाला की ऑलिंपियाड आपोआप निघते’? निघत नाही!

ऑलिंपियाडच्या नोंदणीचे दिवस आले की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात: जेईई आणि ऑलिंपियाडचा अभ्यासक्रम एकच आहे, निगेटिव्ह मार्किंग असल्यामुळे शंका असेल तो प्रश्न सोडून द्या, दुसरी फेरी म्हणजे तोच पेपर, जरा अवघड, प्रयोग नुसती औपचारिकता, आणि पदक मिळालं की आयआयटी पक्की. प्रत्येक वाक्यात थोडंफार तथ्य आहे, म्हणून तर मेसेज खरा वाटतो.

आधी एक घोळ मिटवू. शाळेत पुस्तिका वाटून, शुल्क घेऊन होणाऱ्या खासगी कंपन्यांच्या ‘ऑलिंपियाड’चा इथे संबंध नाही. विज्ञान विषयांच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला जाणाऱ्या भारताच्या संघाची वाट इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स घेते त्या एनएसई (नॅशनल स्टँडर्ड एक्झामिनेशन) परीक्षेपासून सुरू होते. ही परीक्षा साधारण नोव्हेंबरात असते. पुढे आयएनओची (इंडियन नॅशनल ऑलिंपियाड) लेखी फेरी, मग मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातलं निवड शिबिर. बोर्ड कोणतंही चालतं, आपलं एसएससी-एचएससीसुद्धा.

‘अभ्यासक्रम एकच.’ भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची प्रकरणं बरीचशी तीच आहेत, हे मान्य. पण शाळकरी मुलांसाठीच्या ज्युनियर सायन्सच्या पेपरात जीवशास्त्र असतं, आणि आठवीपासून जेईईच्या ‘फाउंडेशन’ क्लासला बसलेली मुलं नेमकी तिथेच गळतात. खगोलशास्त्राचं तर विचारूच नका. मुंबईचा अक्षांश सुमारे १९°, म्हणून ध्रुव क्षितिजापासून १९° वर दिसतो आणि ज्या ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) +७१° पेक्षा जास्त आहे तो मुंबईत कधी मावळतच नाही. हे दोन ओळींचं काम आहे, पण खगोल नीट डोळ्यांसमोर आणता आला तरच. जेईईच्या कोणत्याही नोट्समध्ये हे सापडणार नाही.

‘शंका असेल तर सोडा.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच. एनएसईचा गेल्या काही वर्षांचा नमुना असा: २ तास, ६० प्रश्न, २१६ गुण. पहिले ४८ प्रश्न एकच पर्याय बरोबर असलेले, प्रत्येकी ३ गुण, चुकलं तर १ वजा. उरलेल्या १२ प्रश्नांत एक किंवा अधिक पर्याय बरोबर, प्रत्येकी ६ गुण, चुकलं तरी वजाबाकी नाही. (यंदाचं माहितीपत्रक तेवढं बघून घ्या.)

आता हिशेब करू. पहिल्या भागात डोळे मिटून गोळा रंगवला तर सरासरीने हाती शून्य येतं: चारात एकदा ३ मिळणार, तीनदा १ जाणार. पण एक पर्याय ठामपणे बाद करता आला की सरासरी +१/३ होते, म्हणजे उत्तर द्यायलाच हवं. दुसऱ्या भागात तर एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे शुद्ध तोटा. तिथे जेईईची आणखी एक सवय आड येते. जेईई अॅडव्हान्स्डमध्ये असा प्रश्न अर्धवट बरोबर आला तरी काही गुण मिळतात आणि चुकीचा पर्याय धरला की गुण जातात. त्यामुळे खात्रीचा तेवढा एक पर्याय रंगवून पुढे सरकणं तिथे शहाणपणाचं. एनएसईत सगळे बरोबर पर्याय धरले तरच ६, नाहीतर शून्य. म्हणून इथे चारही पर्याय एकेक करून तपासावे लागतात, आणि त्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो.

‘दुसरी फेरी म्हणजे तोच पेपर, जरा अवघड.’ आयएनओत सविस्तर लिहायचं असतं. वस्तुमान असलेली कप्पी घ्या. दोन्ही बाजूंचा ताण सारखाच धरायची सवय हाताला लागलेली असते, पण इथे ताणातल्या फरकामुळेच कप्पी फिरते. त्वरणाच्या छेदात m₁ + m₂ + I/R² यायला हवं (m₁, m₂ ही टांगलेली वस्तुमानं, I कप्पीचा जडत्व आघूर्ण, R तिची त्रिज्या). चिन्ह चुकून तिथे उणे I/R² आलं, तर I च्या एका किमतीला छेद शून्य होतो आणि त्वरण अनंत! अशी टोकाची किंमत घालून बघायला अर्धं मिनिट लागतं. पर्याय समोर नसताना चूक पकडायची हीच रीत.

‘प्रयोग नुसती औपचारिकता.’ आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाचे असतात, रसायनशास्त्रात ४० टक्के. निवड शिबिरातही प्रयोगाची परीक्षा होते. लंबकावरून गुरुत्वत्वरण g काढायचा साधा प्रयोगच घ्या, घरी दोरा आणि नट बांधून करता येतो. १ मीटर लांबीला एक आंदोलन सुमारे २ सेकंदांचं. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे होतात, म्हणजे एकच आंदोलन मोजलं तर १० टक्के चूक आणि g मध्ये तिच्या दुप्पट. २० आंदोलनं मोजली की हीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते. मोजणी मध्यबिंदूपाशी, ‘शून्य’ म्हणत सुरू करा. ‘एक’पासून सुरू केली तर प्रत्यक्षात १९ आंदोलनं मोजून भागायचे २० ने, आणि g ९.८ ऐवजी येतो १०.९ च्या आसपास. झोका ५° च्या आत ठेवा. ३०° ला आवर्तकाल पावणेदोन टक्क्यांनी वाढतो.

लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, हे विसरलं जातंच. १ सेंमी त्रिज्येचा गोळा आणि ५० सेंमी दोरा असेल तर एका वाचनातून g सुमारे ९.६ येतो. पण पाच-सहा लांब्या घेऊन T² विरुद्ध L (T आवर्तकाल, L मोजलेली लांबी) आलेख काढला की चढ योग्यच राहतो. रेषा फक्त आरंभबिंदूतून जात नाही, L-अक्षाला −१ सेंमीवर छेदते. विसरलेली त्रिज्या आलेखच सांगतो. परीक्षक नेमकं हेच शोधत असतात, आणि ‘रेषा शून्यातूनच जायला हवी’ म्हणून पट्टी सरकवणारे गुण घालवून बसतात.

‘पदक मिळालं की आयआयटी पक्की.’ नाही. अलीकडे आयआयटी कानपूरसारख्या काही आयआयटींनी काही शाखांसाठी ऑलिंपियाडच्या आधारे थोड्या जागांची वाट उघडली आहे, पण त्यालाही स्वतःच्या अटी आहेत. बाकी बहुतेक सगळे प्रवेश जेईईतूनच.

मागच्या वर्षांचे आयएनओचे पेपर आणि उत्तरं होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तीनशे पानांचं ‘ऑलिंपियाड मटेरियल’ विकत घेण्याआधी त्यातला एक पेपर घड्याळ लावून, सगळ्या पायऱ्या लिहून सोडवून बघा.